शारदाकाकूंचं पायपुसणं

शारदाकाकूंच्या दारात काल पांढराशुभ्र, मऊ टॉवेल पायपुसणं म्हणून अंथरलेला दिसला. परदेशी हॉटेलांसाठी असे टॉवेल शिवायचं त्यांचं काम बंद पडलंय. आपला देश खनिज तेल कुणाकडून घेतो याचा राग धरून तिकडच्या अध्यक्षाने आपल्या मालावर जबर कर लादला. आत टीव्हीवर आपले मंत्री हसतहसत त्याला मित्र म्हणत होते.

“काकू, एवढा चांगला टॉवेल पायाखाली?”

“तो दम देतो आणि आपले मंत्री दात काढतात. माझ्या हातात एवढंच आहे. पूस पाय, चांगले घासून.”

राज्यकर्त्यांना अपमान गिळता येतो. आपल्यासारख्यांच्या तो घशात अडकून राहतो. मी नळाजवळच्या चिखलात गेले आणि मुद्दाम पाय माखून परत आले.