चारही पायांनी ओढणारी गाडी

मी बदलापुराहून निघाले तेव्हा दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब वेशीपर्यंत आले. निरोप द्यायला नव्हे, अडवायला.

"सिस्टर, अजून विचार करा. बाईमाणसानं लष्कराच्या मोटारीचं धूड हाकायचं म्हणजे गावात हसं होईल. मंडळ त्यासाठी एक पैसा देणार नाही. छप्पर घातलेली छान बैलगाडी करून देतो की!"

"बैलगाडी काय करते ते मी बघितलंय," मी म्हटलं, आणि अंबरनाथला निघालेल्या गवताच्या गाडीवर चढून बसले. मंडळाचा पैसा मागितला होता कोणी? माझ्या चार पाटल्या मी आदल्या आठवड्यातच मोडल्या होत्या.

माझ्या शेजारी गोमादादा बसले होते. बारवी नदीकाठच्या एका पाड्यात त्यांची भातशेती आहे. गेल्या श्रावणात त्यांची पहिलटकरीण सून अडली, तिला बैलगाडीत घालून ते माझ्याकडे निघाले, आणि पाड्याखालच्या ओढ्यात गाडी आसापर्यंत रुतली. मी धावत पोचले तेव्हा बैल चिखलात बसलेले, दादा खांदा देऊन चाक उचलताहेत, आणि पोर गाडीत तळमळतेय. भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर ती गेली, बाळासकट. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती: त्या ओढ्यातून पार होईल अशी गाडी, आणि तीही येत्या पावसाळ्याआधी. लोक काय हसायचे ते हसोत.

अंबरनाथला उतरून टांगा केला. डावीउजवीकडे कारखान्यांची धुराडी मागे पडली आणि उल्हासनगर सुरू झालं. नाव नवं असलं तरी टांगेवाला अजून कॅम्पच म्हणतो. युद्धात इथं लष्कराची छावणी होती. आता त्याच लांबच लांब बराकींतून सिंधी निर्वासितांचे संसार आहेत. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून आठ-आठ घरं. पण रड म्हणून कुठं ऐकू येईना! प्रत्येक दारात काहीतरी विकायला मांडलेलं होतं: पापड, लोणची, कुलपं, शिवणयंत्रांची तेलं. सगळं गमावलेल्या माणसांची ती उमेद बघून मला भारी बरं वाटलं.

टेकचंद हे लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घेऊन विकणारे गृहस्थ. मूळचे सिंधमधल्या शिकारपूरचे. त्यांनी आधी आमच्यापुढे पापड आणि पाणी ठेवलं. पाहुण्याशी पापडाआधी व्यवहार बोलायचा नाही, ही त्यांची रीत. मग त्यांच्या घरातून दाल-पकवान (कडक तळलेली मैद्याची पुरी, वर चण्याची डाळ) आलं. दादांनी एक पकवान खाऊन दुसरं मुकाट्याने उपरण्यात बांधलं.

"किसके लिए चाहिए गाड़ी? साहब कहाँ हैं?" टेकचंदांनी विचारलं.

"साहेब नाहीत. मीच आहे, आणि मीच चालवणार."

ते हसून म्हणाले, "आइए, अदी." (अदी म्हणजे सिंधीत थोरली बहीण.)

गाडी बराकीमागे उभी होती. हिरवी, उंच, मागे आठ माणसं बसतील एवढी, चाकं माझ्या कमरेएवढी. तिचं वैशिष्ट्य म्हणजे छोटा दांडा ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. युद्धाच्या काळात लष्करी इस्पितळात नर्स असताना मी असल्याच गाडीवर ॲम्ब्युलन्स हाकली होती. त्यामुळे माझा तोरा काय विचारता! इंजिन ऐकलं, ब्रेक बघितले, दांडा ओढला, तो खट्कन बसला. "पसंत," मी जाहीर करून टाकलं.

"थांब बाय," गोमादादा म्हणाले. "चिखलात उतरव."

"अहो दादा, ही गाडी आहे, बैल नाही."

"बैल घ्यायचा तर आमी त्याला आधी चिखलात उतरवतो. सुक्या रस्त्यावर सगलेच बैल चांगलं. पुढचं पाय वढतात का नाय, ते चिखलातच कलतं."

त्यांच्यापुढे माझं काही चालेना. टेकचंदांना बरोबर घेऊन मी गाडी अंबरनाथच्या बाजूला नेली, नदीकाठी म्हशी बसतात तिथं. मोठ्या ऐटीत दांडा ओढून आत घातली, आणि दहा हातांवर गाडी रुतली. मागची चाकं गरगर फिरून चिखल उडवत होती, पुढची मात्र ढिम्म!

कारखान्याची पहिली पाळी सुटायची वेळ. बघता बघता काठावर गर्दी जमली. शेवटी एका गाडीवानाने आपले बैल सोडून आणले आणि त्या बैलांनी माझी लष्करी गाडी बाहेर ओढली. "बाई, त्यापेक्षा हे बैलच घ्या ना विकत!" कोणीतरी ओरडलं. सगळे खो-खो हसले. लाजेने नाही, रागाने माझे कान तापले. रावसाहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

टेकचंद गाडीखाली शिरले आणि चिखलाने भरलेले बाहेर आले. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दंडच तिथं नव्हता. पेट्रोल कमी लागावं म्हणून आधीच्या मालकाने तो काढून टाकला होता. दांडा ओढायला होता, पण त्याच्या पलीकडे काही नव्हतं.

"निकाला मैंने नहीं," ते म्हणाले, "लेकिन देखा भी नहीं. ग़लती मेरी. घर छूटा है अदी, ईमान नहीं छूटा."

"मीही खाली वाकून बघितलं नाही," मी म्हटलं. हे कबूल करताना जीभ जड झाली. दादांनी म्हटलं नसतं, तर मी ते धूड मिरवत घरी नेलं असतं आणि पावसाळ्यात त्याच ओढ्यात आणखी एका पोरीला घेऊन अडकले असते.

कॅम्पात परतलो. टेकचंदांनी भंगाराचे दोन ढीग उपसून त्याच जातीच्या गाडीचा दंड काढला आणि स्वतः खाली झोपून बसवला. दुसरी कुणी असती तर सरळ रस्त्याने घरी गेली असती. मी गाडी पुन्हा त्याच चिखलात नेली. काठावर तीच टाळकी पुन्हा जमली, कुणी बैल सोडायचीही तयारी केली. मी दांडा ओढला. पुढच्या चाकांनी चिखल धरला, गाडी एकदा हिसकली आणि गुरगुरत पलीकडे गेली. कुणी हसलं नाही. मीच हसले, चांगली मोठ्यानं!

टेकचंदांना पैसे मोजले आणि परतताना बदलापूरच्या बाजारपेठेतून मी मुद्दाम हळू गेले. रावसाहेब ओट्यावर उभे होते. भोंगा दोनदा वाजवला, थांबले मात्र नाही.

थांबले ती ओढ्याशी. तिथं झरा आहे, त्यामुळे भर वैशाखातही चिखल वाळत नाही. दादांनी समोरची धरायची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी गाडी खाली घातली. जिथं बैल बसले होते तिथून चारही चाकांच्या जोरावर आम्ही पलीकडे चढलो. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"बाय," दादा म्हणाले, "परत ने. पुन्ना येकदा."

मी नेली. मग पुन्हा, आणि पुन्हा. पाड्यातली माणसं काठावर जमून बघत होती. कितव्या खेपेला कोण जाणे, दादांनी दांडी सोडली आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन ते हमसून रडले.

लोक काशी-रामेश्वर करून येतात आणि त्याची वर्णनं लिहितात. माझा प्रवास जाऊन-येऊन सोळा-सतरा मैलांचा. पण मला विचाराल तर त्यातला सगळ्यात लांबचा टप्पा त्या ओढ्याचाच, आणि तो एक श्रावण उशिरा पार झाला.