तुकाचं अंगण

जव्हारकडच्या वांगणीच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे. तिथला तुका एकोणिसाव्या वर्षी चोर ठरला, तो कायमचाच. चुलतभावाच्या लग्नाच्या मांडवातून त्यानं तांब्याचा हंडा उचलला होता. पकडला गेला, कबूल झाला, हंडा परत दिला. त्याला तीस वर्षं झाली.

पण पाड्यावर काही हरवलं की लोक त्याच्याच अंगणात जमत. कोंबडी, विळा, विहिरीचा दोर, काहीही. वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नसत. तिथे मात्र खांद्याला खांदा लावून उभे राहत. तुकाला घटकाभर शिव्या घालून झाल्या की सगळ्यांचे चेहरे उजळत. मग तिथेच बसून तंबाखू मळत, सोयरिकीसुद्धा जुळवत. कोंबडी पुढे कुठल्यातरी करवंदीच्या जाळीत सापडे. ते सांगायला कुणी येत नसे.

शेवटी वैतागून तुका आणि त्याची बायको रामी भिवंडीकडे बांधकामावर गेले. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. दोन वर्षं बरी गेली.

एका दुपारी पाड्याचा पोलीस पाटील, रघु, कामावर येऊन उभा राहिला. डोळे खोल गेलेले.

"घरी चल, तुका."

"का? काय हरवलंय?"

"रोज कायतरी जातंय. कुणी नेलं ते कळत नाय. भाऊ भावावर नजर ठेवतो. विहिरीला कुलूप घातलंय. यंदा होळी तीन ठिकाणी पेटवली." रघुचा आवाज खाली आला. "तू होतास तवा असं नव्हतं."

रामी नको म्हणाली. पण काम संपत आलेलं, पेरणी तोंडावर. दोघं जव्हारला एसटीतून उतरून पुढे जीपनं, मग पायी पाड्यावर पोचली. घर पडलं असेल असं तुकाला वाटलं होतं. छपरावर नवं गवत होतं, अंगण ताजं सारवलेलं. चुलीशी लाकडं रचून ठेवलेली. कुणी केलं म्हणून विचारलं, तर लोक नुसते हसले.

तिसऱ्या दिवशी भर उन्हात कुत्री एकाएकी गप्प झाली. तुका बाहेर आला. अख्खा पाडा अंगणात उभा होता.

"काय गेलं?" तुकानं विचारलं.

"अजून काय नाय," रघु म्हणाला.

कुणी हललं नाही. एवढ्या डोळ्यांत कुठेही राग नव्हता. पेजेची वाट बघत बसलेल्या माणसांसारखे ते वाट बघत होते.

"मीच घेतलं," त्याच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. मग मागून पहिली शिवी आली आणि पाठोपाठ गलका उठला. संध्याकाळपर्यंत विहिरीचं कुलूप निघालं. दोन वर्षं अबोला धरलेले भाऊ तुकाच्याच ओट्यावर चहा पीत बसले. तुकाला त्या सगळ्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती आपल्याला हलकं वाटतंय याची.

"काय घेतलं म्हणून सांगितलंस?" रामीनं आत येऊन विचारलं.

"त्यांनी विचारलंच नाय."

चौथ्या दिवशी रामी एकटीच भिवंडीला निघून गेली. तुका तिथेच आहे. त्याच्या भाताच्या आवणीला माणसं न बोलावता येतात, आणि त्याच्याशी कामापुरतंही बोलत नाहीत.