नवनीतनानाचं मशीन

रनाळ्याच्या नवनीत पाटलाला आवाजांची किळस होती. सगळ्याच नव्हे, वाईट आवाजांची. पण त्याच्या मते गावात चांगला आवाज एकाच ठिकाणी निघायचा, तो म्हणजे त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत. तेव्हा उरलेलं सगळं रनाळं किळस करण्यासाठी मोकळंच होतं.

शेजारचा माणूस मोबाइलवर गाणं लावून म्हशी धुवायला लागला की नवनीत खिडकी आपटून लावून घ्यायचा. मोबाइलच्या आवाजाला तो ‘डासाचं भजन’ म्हणायचा. हल्ली घरोघरी आलेल्या ब्लूटूथच्या डब्यांना त्याने ‘ढेकर’ असं नाव दिलं होतं. डीजेला मात्र नाव नव्हतं. डीजेचा विषय निघाला की तो उठायचा, ओट्याच्या कडेला जायचा आणि थुंकून परत यायचा. लग्नाच्या पंगतीतून तो दोनदा अर्ध्या पानावरून उठला होता, आणि विचारलं तर सांगायचा, ‘ह्या धडधडीत घास खाली जात नाही, वर येतो.’ ते खोटं नव्हतं. त्याला खरंच मळमळायचं.

ज्याच्या जोरावर हा माणूस गावाला नाकं मुरडायचा, ते मशीन म्हणजे एक जुना स्टिरिओ अँप्लीफायर. व्हॉल्व्हचे दिवस सरून ट्रान्झिस्टरची मशिनं घराघरांत शिरली, त्या काळातला. सुरतेच्या एका पारशी कुटुंबाने घर आवरताना तो विकायला काढला होता आणि गिरणीचे दगड बघायला गेलेला तरणा नवनीत दगड सोडून हाच घेऊन आला. पुढून रुपेरी पत्रा, दोन्ही अंगांना लाकूड, आवाजाबरोबर डोलणाऱ्या काट्यांच्या दोन खिडक्या, आणि फिरवताना बोटाला वजन जाणवावं अशी बटणं. जोडीला कमरेएवढे दोन स्पीकर. गाव त्याला ‘नानाचा डबा’ म्हणायचं. नाना स्वतः ‘मशीन’ म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून तो शब्द असा निघायचा की गिरणी ही काही मशीनच नव्हे.

गिरणी मात्र त्याचं पोट होती. मिसरूड फुटल्यापासून तो पट्ट्याच्या आणि दगडांच्या त्या घरघरीत उभा होता. दर सोमवारी गिरणी बंद. त्या दिवशी अंघोळ करून, भुवयांतलं पीठसुद्धा धुऊन तो दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्ची टाकायचा. मशीन आधी थोडं तापू द्यायचं, मग कॅसेट. ती लागली की घरात भांडं वाजवायचं नाही, खोकायचं असेल तर परसात जायचं. बायको दीपमाला त्या वेळी भाजी निवडायला मागल्या दारी बसायची. तिच्या कानांत कापूस असायचा. तिला वाऱ्याचा त्रास आहे असं नवनीत धरून चालला होता, विचारायची वेळ कधी आली नव्हती.

पाहुण्यांना तो मुद्दाम ऐकवायचा. त्यांचं तोंड ओढल्यासारखं झालं की ते गेल्यावर म्हणायचा, ‘कान नाहीत ह्यांना. भोकं आहेत नुसती.’

गेल्या काही वर्षांत मात्र मशीनचं काहीतरी बिनसलं होतं. आवाज मळका यायला लागला. सतारीची तार पूर्वी चटकन डोळ्यांपुढे उभी राहायची, आता ती कापडात गुंडाळल्यासारखी लागायची. नवनीतने बारीक, टोकदार सूर वर काढणारं ट्रेबलचं बटण थोडं वाढवलं. मग आणखी थोडं. शेवटी ते पार उजवीकडे जाऊन टेकलं, तरी जीव भरेना.

मग मशीन नवापूरला न्यायचं ठरलं. तिथे इसहाक नावाचा एक दुरुस्तीवाला जुन्या सेटांचं काम करायचा. जीपमध्ये गाणी लावतात म्हणून नवनीत एसटीने गेला, मशीन गोधडीत बांधून मांडीवर घेऊन, पाय सुन्न होईपर्यंत. इसहाकने ते उघडलं, तपासलं, दोन कपॅसिटर बदलले आणि सांगितलं, ‘‘नाना, मशीन चोख आहे.’’

नवनीतने तिथेच ट्रेबल पूर्ण फिरवून ऐकलं. तोच मळका आवाज. इसहाकने मात्र डोळे बारीक केले आणि मान वळवली. नवनीतला ती मानेची हालचाल चोराची वाटली. ह्याने आतला अस्सल माल काढून घेतला असणार, असं म्हणत तो परत आला आणि वाटभर त्याला त्या माणसाची शिसारी येत राहिली. बिचाऱ्या इसहाकने त्याला चहासुद्धा पाजला होता.

श्रावण आला आणि कानबाई देवीचे दिवस जवळ आले. खानदेशात कानबाई बसते तेव्हा भाऊबंदकीतल्या सगळ्यांना एका ठिकाणी यावंच लागतं. रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घराघरातून पुरुषमाणसांच्या नावाने मुठीमुठीने गहू काढायचे, ते वेगळे दळायचे, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. ह्या पाटलांच्या भाऊबंदकीचं दळण वर्षानुवर्षं नवनीतच्या गिरणीवर व्हायचं. त्या दिवशी तो गिरणी धुऊन घ्यायचा आणि दुसऱ्या कुणाचं धान्य आत येऊ द्यायचा नाही.

कानबाई दगूकाकीच्या घरी बसायची. काकी वयाने सगळ्यांत थोरली, गाणी तीच उचलायची, बाकीच्या बाया मागून झेलायच्या. पण गेली तीन वर्षं नवनीतच्या चुलतभावाचा पोरगा भाग्येश पिकअपवर बांधलेला आपला डीजे आणून अंगणात उभा करायला लागला होता. काकीचं तोंड हलताना दिसायचं, ऐकू यायचा फक्त डीजे. तिसऱ्या वर्षी काकीने तोंड उघडणंही सोडलं आणि पदराखाली हात घेऊन भिंतीला टेकून बसली. ते बघून नवनीतच्या डोक्यात तिडीक गेली होती.

तेव्हा ह्या वर्षी सगळे गहू घेऊन आले तसा तो गिरणीच्या दारात आडवा उभा राहिला.

‘‘डीजे लावाना व्हई त रोटनं दळण दुसरा गिरणीवर लई जा,’’ तो म्हणाला.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. रोटाचं दळण परक्याच्या न धुतलेल्या गिरणीवर न्यायचं, ही कल्पनाच कुणाला सोसवेना.

‘‘नाना, वरीसमा एकदाव कानबाई येस,’’ भाग्येश म्हणाला. ‘‘पोरे नाचतीन नही का?’’

‘‘नाचा ना. पण काकीना गळावर पाय दीसन नको.’’ नवनीतचा आवाज चढला. ‘‘औंदा गाणा मन्हा मशीनवर व्हतीन. तुम्हना कान डीजेनी सडी गयात. एकदाव चांगला आवाज ऐका, म्हणजे समजी.’’

सडक्या कानांची ही गोष्ट भाग्येशला झोंबली, पण तो भला पोरगा. त्याने मान डोलावली आणि गव्हाची पिशवी काट्यावर ठेवली. बातमी काकीकडे पोचली तशी ती काठी टेकत स्वतः आली.

‘‘आमना गाणा तुन्हा मशीनमाईन काढशी का रे भाऊ?’’ तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘‘काढसू ना काकी,’’ नवनीत म्हणाला. ‘‘तुन्हा गळा कसा शे, हाई बठ्ठा गावले समजाले पाहिजे.’’

आता माघार नव्हती. काकीचा गळा आणि नवनीतची सगळी ऐट, दोन्ही त्या मशीनवर टांगलेली होती.

रविवारी कानबाई बसली. दुपार कलल्यावर त्याने मशीन दगूकाकीच्या ओट्यावर मांडलं, दोन बाजूंना स्पीकर, मधे काकी आणि तिच्यापुढे माईक. भाग्येश तारा धरायला आला, त्याला त्याने हात लावू दिला नाही. काटे हलले. नवनीतने आवाज वाढवला, ट्रेबल नेहमीप्रमाणे पार उजवीकडे ठेवलं आणि काकीला खूण केली.

काकीने गाणं उचललं. नवनीत डोळे मिटून उभा होता. आवाज अजूनही थोडा मळकाच होता, पण काकीचा होता, अंगणभर पोचत होता. त्याला भरून आलं.

दुसऱ्या कडव्याला गाणं तुटलं.

त्याने डोळे उघडले. काकीने दोन्ही तळहात कानांवर दाबले होते. तिच्या मागच्या बायांनीही. एक लेकरू भोकाड पसरून रडत होतं. ओट्याखाली निजलेलं कुत्रं उठून फाटकाबाहेर पळालं. आणि नवनीतला मात्र लेकराच्या रडण्यापलीकडे वावगं असं काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याचा तिळपापड झाला. चांगला आवाज पहिल्यांदा कानावर पडला, तर ही ह्यांची तऱ्हा! गटारातल्या किड्याला अत्तर सोसेना, अशातली गत. ‘‘काय व्हयनं?’’ तो ओरडला. ‘‘गाणं बंद का करं?’’

‘‘बंद कर रे भाऊ!’’ काकी कळवळून म्हणाली. ‘‘कानमा कोनी सुई टोची ऱ्हायनं!’’

भाग्येश धावत ओट्यावर चढला. ‘‘नाना, शिट्टी वाजी ऱ्हायनी.’’

‘‘कसानी शिट्टी?’’

‘‘माईकनी. स्पीकरमाईन येई ऱ्हायनी. तुम्हले ऐकू नही येत का?’’

नवनीतने त्याच्याकडे असं बघितलं की एरवी पोरगा खाली उतरला असता. मग तो वाकला आणि त्याने स्पीकरच्या जाळीला कान लावला. काही नाही. नीट चिकटवला. मागच्या बाया हात कानांवर दाबून, तोंडं वेडीवाकडी करून त्याच्याकडे बघत होत्या, आणि तो त्या स्पीकरला गाल लावून बसला होता. त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या स्पीकरलाही त्याने कान लावून पाहिला.

स्वयंपाकघरातून दीपमाला आली. रोटाच्या पिठाने हात भरलेले, कानांत कापूस. तिने मनगटानेच पदर सावरला.

‘‘त्यास्ले ऐकू येत नही, भाग्येश,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘कितलाक वरीस व्हयनात. हाई शिट्टी नही, दाराना घंटीबी नही.’’

नवनीत उभा राहिला. बायकोच्या कानांतल्या कापसाकडे तो बघत राहिला आणि त्याला एकदम सगळंच कळलं. सोमवारचं मागलं दार, पाहुण्यांची ओढलेली तोंडं, नवापूरच्या इसहाकची वळलेली मान. इतकी वर्षं तो घरातल्या माणसांच्या कानांत सुया टोचत होता आणि वर त्यांच्याच कानांना नावं ठेवत होता.

‘‘मंग तू मले सांगं का नही?’’ त्याने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी लागला.

‘‘तुम्हले कोन सांगी?’’ दीपमाला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. ‘‘सांगं अस्तं त तुम्ही मन्हाच कानले नावं ठेवतात.’’

 भाग्येश विचारायला थांबला नाही. त्याने माईक स्पीकरांपासून मागे घेतला आणि मशीनच्या ट्रेबलला हात घातला. गावात आजवर त्या बटणाला नवनीतखेरीज कुणाचं बोट लागलं नव्हतं. त्याने ते डावीकडे फिरवत मध्यावर आणलं, मान तिरकी करून ऐकलं, किंचित आणखी मागे घेतलं आणि काकीला म्हणाला, ‘‘म्हण आजी.’’

बायांनी एकेक करत हात खाली घेतले. काकीने भीतभीत पहिली ओळ म्हटली आणि थांबली. स्वतःचाच आवाज ऐकून तिचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसली, पुढे सरकली आणि जोरात गायला लागली. मागच्या बायांनी ओळ झेलली. रडणारं लेकरू गप्प झालं. फाटकाशी शेजारपाजारची माणसं गोळा झाली. भाग्येशचे डीजेवाले मित्रसुद्धा चपला काढून खाली बसले. अंगणातली झाडून सगळी तोंडं उजळली होती.

नवनीतला ते गाणं जाड गोधडीखालून यावं तसं येत होतं. शब्द चेपलेले, टाळ्या बोथट, काकीच्या गळ्यातली ती कातर धार कुठेच नाही. त्याचा हात आपसूक बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आजवर त्याला गावाची, पोरांची, डीजेची किळस आली होती. आता आपल्याच डोक्याच्या दोन बाजूंना लटकलेल्या ह्या दोन मांसाच्या तुकड्यांची त्याला इतकी घाण वाटली की ते ओढून काढावेत. भोकं आहेत नुसती, त्याच्या मनात आलं.

दिवेलागणीला काकी दमून थांबली. बाया उठून मशीनभोवती जमल्या, कुणी त्या डोलणाऱ्या काट्यांवर बोट फिरवलं.

‘‘नाना, डीजे नहीच पाहिजे आपले,’’ भाग्येश मनापासून म्हणाला. ‘‘हाई भलतं भारी शे. तुम्ही खरं सांगेत.’’

‘‘कसा गोड लागस रे तुन्हा मशीनना आवाज!’’ दगूकाकीने नवनीतचा हात दोन्ही हातांत धरला. ‘‘दर वरीसले हाऊच पाहिजे. आसाच. जरासाबी बदलू नको.’’

‘‘हा काकी,’’ नवनीत म्हणाला. ‘‘आसाच ठेवसू.’’

भाऊबंदकीने त्याची वाहवा केली, पुढच्या वर्षीचंही तिथेच ठरलं. आणि त्या भरल्या अंगणात मशीनचा तो आवाज न सोसणारा माणूस एकटा नवनीतच होता.