मागातली टकटक

"दादा! ऐकतोयस न्हवं? वहिनीनं मागावर बसू नये, असंच म्हणतोयस की!"

ओरडणाऱ्या विणकरानं हातातला सुताचा धोटा हातमागाच्या खांबावर आपटला. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, वारून महिना झाला होता. आणि खांबाच्या आतून उत्तर आलं. टक टक टक टक.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या खोलीत अख्खी गल्ली कोंबली होती. ती सगळी एकदम मागं सरली, ती माझ्या पायांवरून. पाऊस यायचा असला की माझ्या पायाची बोटं आजही पंचांगाच्या आधी कळवतात.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो आणि किडे गोळा करायचो. ख्याती अशी, की पेठेत झुरळ उताणं पडलं तरी वैद्याच्या आधी मला सांगावा. त्या दिवशीचा सांगावा गेलेल्याच्या बायकोचा होता. ती भिंतीशी बसून कांड्यांवर सूत भरत होती. बायकांनी कांड्या भराव्या, मागावर पुरुषानं बसावं, अशी त्यांच्यातली रीत. तिला आता स्वतः विणायचं होतं. दीर म्हणत होता, दादा मागात शिरलाय, माग फोडून जाळायचा. माग जळाला की तिला गिरणीच्या दारात उभं राहावं लागणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"मास्तर, तुमी बी इचारून बघा की," ती म्हणाली.

मी धोटा घेतला. "काय हो दादा, वहिनींनी मागावर बसावं ना?" आणि ठोकलं.

टक टक टक टक.

"घ्या! दादा दोनी बाजूंनी बोलतुया," कोणीतरी म्हणालं. "आता पंच कुनाला करायचं?"

सगळे हसले. मी खांबाला कान लावला आणि माझं हसू गेलं. चैत्राची दुपार, ऊन असं की पत्र्यावर बसलेला कावळा भाजून खाली यावा. तरी पाठीतून गार पाण्याची धार उतरली. आत जे कोणी होतं, ते माझ्याच ठोक्याची वाट बघत होतं.

खांबाला ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं होती. चाकूनं एक पोखरलं, तर पिठासारखा भुसा आणि त्यामागून तुरीच्या दाण्याएवढा मळकट तपकिरी भुंगा बाहेर आला. काचेच्या नळीत टाकला, वर कापसाचा बोळा लावला. मी नखानं नळी वाजवली. त्यानं मान खाली घातली आणि काचेवर कपाळ आपटलं. टक टक टक टक. निम्मी गल्ली चपला तिथंच टाकून पळाली.

उरलेल्या भोकांत घासलेट ओतलं. माग वाचला. दुसऱ्या दिवशी ती मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली आणि दीर खाली बसून कांड्या भरू लागला, असं मी पुढं सगळीकडं सांगत फिरलो. खरं म्हणजे दीर आठवडाभर त्या घराकडं फिरकलाच नाही.

माझ्या पेट्यांत तसला भुंगा एकही नव्हता. एका जाड इंग्रजी पुस्तकात मात्र त्याची तसबीर सापडली. थंड मुलखातला, जुन्या विलायती लाकडातला. मग सोलापुरात कसा? त्या बाईलाच विचारलं. गिरणीत यंत्र आलं, त्याच्या खोक्याचे जाड वासे नवऱ्यानं हौसेनं आणून मागाचे खांब केले होते; विलायती लाकडाला कीड लागत न्हाय म्हणून. कीड आतच बसून आली होती. वर्षानुवर्षं लाकूड खात राहिली आणि वयात आल्यावर जोडीदाराला हाक मारायला लागली. हितं तिच्या जातीचं कोण होतं? जो ठोकेल त्याला ओ द्यायची, एवढंच हाती. पुस्तकात हेही लिहिलं होतं की तिकडची माणसं ही टकटक ऐकली की म्हणतात, घरातलं कोणी जाणार. मी पुस्तक मिटून टाकलं.

काही दिवस ती नळी माझ्या कोटाच्या खिशात होती. वर्गात डस्टर आपटलं की खिशातून उत्तर यायचं. पोरं इतकी गप्प कधी बसली नव्हती. मग एकदा उत्तर आलं नाही. मी भुंगा टाचणीला लावला, चिठ्ठीवर लिहिलं, 'सोलापूर, भवानी पेठ, मागाच्या खांबात, जिवंत', आणि मुंबईच्या एका जाणकाराकडं धाडला. पण हाताची खोड जाईना. ताट, टेबल, दार, काहीही वाजवायचो आणि श्वास धरून थांबायचो.

मुंबईहून उत्तर आलं: ओळख बरोबर, ह्या मुलखात ह्याची नोंद पहिलीच. ते दाखवायला छाती फुगवून मी तिच्याकडं गेलो. ती विणत होती. तिनं हात थांबवला, धोटा उचलला, खांबावर ठोकला आणि मान कलती करून ऐकत राहिली. काही नाही. मीही नकळत मान कलती केली होती.

"अहो बाई, किडा गेला की मुंबईला," मी म्हणालो. "तुमचे यजमान त्यात नव्हतेच. आता कोण ओ देणार?"

"ते ठावं हाय, मास्तर," ती म्हणाली. "आमचा मानूस कदी हाकेला ओ देत नव्हता. आता बरोबर हाय."