देल्मो म्हणाला, बसत नाही

देल्मो गेत्तीच्या गॅरेजला पाटी नव्हती, आणि ती असावी असं मोदिल्याना गावात कुणाला कधी वाटलंही नाही. पुलाच्या तोंडाशी चार मोटरसायकली तिरक्या उभ्या दिसल्या की समजायचं, देल्मो आत आहे. तरुणपणी त्यानं शर्यतीच्या एका छोट्या संघात मेकॅनिकी केली होती. गावी परतला तो एकाच कामात नाव काढून बसला, ते म्हणजे हँडल. इंजिन उघडायचं असेल तर तो सरळ शेजारच्या गावाचा रस्ता दाखवायचा. पण मुठी बदलायच्या असोत, हँडलच्या टोकांना आरसे लावायचे असोत, लांब लिव्हर काढून आखूड घालायच्या असोत, लोक पार रावेन्नाहून त्याच्याकडे यायचे.

काम झालं की तो हँडल जाईल तिथपर्यंत डावीकडे वळवायचा, मग जाईल तिथपर्यंत उजवीकडे. कुठली वायर ताणली नाही, कुठली नळी अडकली नाही, अंगठा टाकीला चेपला नाही, की मान हलवून म्हणायचा, "बसतंय." नाहीतर म्हणायचा, "बसत नाही," आणि एक पैसा घ्यायचा नाही. बसत नाही म्हणताना त्याला थोडा आनंदच व्हायचा असं मला वाटतं. गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाही म्हणू शकणारा माणूस म्हणून खोऱ्यात त्याचा मान होता, आणि त्या मानावर त्याचा स्वतःचाही फार जीव होता. त्याच्या या शब्दावर कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

लेआर्को मोंतुस्की हा त्याच्या थोरल्या बहिणीचा, इव्होनचा नवरा. पीचच्या शीतगृहात पेट्या उचलून याचा जन्म गेला, आणि निवृत्त झाला तसा हा पठ्ठ्या लाल रंगाची स्पोर्ट मोटरसायकल घेऊन घरी आला. इव्होननं पुढे कितीतरी दिवस त्याच्यापुढे जेवण न बोलता आदळलं. त्या जातीच्या गाडीची हँडलं इतकी खाली असतात की चालवणारा पालथाच पडतो, आणि धडाचं सगळं ओझं मनगटांवर येतं. लेआर्कोच्या मनगटांत संधिवात शिरलेला. तरी दर रविवारी मित्रांबरोबर मुराल्योनेच्या घाटात जायचा, घाटमाथ्यावर कॉफी प्यायचा, आणि घरी येऊन बादलीत बर्फ टाकून त्यात हात बुडवून बसायचा. शेवटी त्यानं पुढच्या चाकाच्या फोर्कवर चढणारी उंच हँडलं मागवली. ती बसली की पाठ ताठ राहणार होती आणि मनगटांवरचा भार उतरणार होता.

शनिवारी ती बसवायची ठरली, आणि आदल्या दुपारी इव्होन गॅरेजात आली. भावासाठी फडक्यात गुंडाळून चीज घातलेल्या गरम पियादिना पोळ्या आणल्या होत्या. त्या बाकावर ठेवून ती म्हणाली, "त्याला सांग, बसत नाहीत म्हणून."

देल्मोला आधी ती थट्टा वाटली. पण इव्होन थट्टा करणाऱ्यातली नव्हती.

"माझं तो ऐकत नाही, पोरांचं ऐकत नाही," ती म्हणाली. "तुझं ऐकतो. हात दुखायला लागले की आपोआप थांबेल. आता तू त्याला आरामखुर्ची करून दिलीस, तर ऐंशी वर्षांचा होईपर्यंत घाटात जाईल. आणि मी खिडकीत बसून अँब्युलन्सची वाट बघू का?"

असली कामं मी करत नाही, असं देल्मो पुटपुटला. आई लवकर गेल्यावर याच बहिणीनं त्याला शाळेसाठी उठवलं होतं, त्याचे ग्रीसचे कपडे धुतले होते. तिला नाही म्हणायचं त्याला कधी जमलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतःची समजूतही घातली, की मेव्हण्याचा जीव वाचवायचा तर एवढं चालतं.

खोटं बोलायला त्याला फार काही करावंच लागलं नाही. पुढच्या ब्रेकची नळी त्या गाडीत एका क्लिपनं आवळलेली असते. क्लिप सोडली की नळी दोन बोटं सैल होते, आणि उंच हँडल आरामात बसतं. शनिवारी देल्मोनं क्लिप सोडली नाही, एवढंच. उंच हँडल चढवलं आणि लेआर्कोच्या डोळ्यांदेखत डावीकडे वळवलं. नळी तारेसारखी ताणली.

"बघ," देल्मो म्हणाला. "वळणावर तुटेल. बसत नाही."

लेआर्कोनं त्या नळीवरून एकदा बोट फिरवलं. त्याचं तोंड उतरलेलं देल्मोला स्पष्ट दिसलं. मग तो म्हणाला, "तू नाही म्हणतोस म्हणजे नाही." आणि ती नवी कोरी हँडलं, दुसऱ्या कुणाला लागली तर दे म्हणून, गॅरेजातच सोडून गेला.

हात दुखले तर माणूस थांबेल, हा इव्होनचा हिशेब. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला ती एवढंही ओळखत नव्हती, की भीतीनं तिला काही सुचत नव्हतं, कोण जाणे. लेआर्को थांबला नाही. मनगटांना पट्ट्या आवळून, गोळ्या घेऊन तो जातच राहिला. मे महिन्यात घाट उतरताना एका वळणावर त्याची उजवी मूठ आवळलीच गेली नाही. वेग माणसाच्या चालण्याइतका. ब्रेक लागला नाही, गाडी कठड्याला जाऊन टेकली आणि त्याच्या अंगावर पडली. हासळीचं हाड मोडलं आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, मोटरसायकल विसरा.

फाएन्झाच्या इस्पितळात देल्मो भेटायला गेला, तर लेआर्को शेजारच्या खाटेवरच्याला सांगत होता, "चूक माझीच. या मेव्हण्यानं आधीच सांगितलं होतं की ही गाडी तुला जुळवून देता येत नाही. मी ऐकलं नाही." देल्मो तसाच मागे फिरला. बाहेर व्हरांड्यात त्यानं बहिणीला म्हटलं, मी त्याला सगळं सांगून टाकतो. इव्होनचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज कडक होता. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे, तो घरी बसला हे तरी झालं ना, असं ती म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली. तिलाही झोप लागत नव्हती, हे देल्मोला माहीत होतं. पण दोघं मिळून केलेल्या पापाचं ओझं वाटून अर्धं होत नाही. प्रत्येकाला ते पुरतंच उचलावं लागतं.

हात गळ्यात बांधून लेआर्को रोज गॅरेजात येऊन बसू लागला. घरी करणार तरी काय? आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो देल्मोचे पोवाडे ऐकवायचा. "हा नाही म्हणाला तर गुमान परत जा. मी गाडी सोडली नाही, बघा माझं काय झालं." गिऱ्हाईक हसायचं, मान डोलवायचं. देल्मो खाली मान घालून पाना फिरवायचा. त्याच्या हातून पहिल्यांदाच स्क्रूचे आटे जाऊ लागले. दुपारी समोरच्या बारमध्ये कॉफी प्यायला जाणं त्यानं सोडलं, कारण तिथेही लोक त्याला हेच ऐकवायचे. लेआर्कोनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. कौतुक सोसवत नव्हतं.

सप्टेंबरात एक बाई आल्या. ओम्ब्रेत्ता नाव, चाळिशीच्या, फोर्लीला गुरांच्या डॉक्टर. गाडी लेआर्कोच्याच जातीची, फक्त काळी. एका गाईनं लाथ मारून त्यांचं मनगट एकदा मोडलं होतं, ते अजून दुखायचं. त्यांना हँडल उंच करून हवं होतं.

देल्मोनं तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून लेआर्को बोलला. "बाई, या गाडीवर ते बसत नाही. ब्रेकची नळी अपुरी पडते. यानं स्वतः करून बघितलंय."

बाईंनी देल्मोकडे बघितलं. "नाही बसत?"

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. बाई परत गेल्या असत्या, लेआर्को खूश झाला असता, इव्होनच्या घरात शांतता राहिली असती. पण त्या दुखऱ्या मनगटानं ही बाई घाट उतरणार होती. देल्मोनं फळीवरून लेआर्कोचीच उंच हँडलं काढली आणि कामाला लागला.

जुनी हँडलं उतरवली, उंच चढवली, लिव्हर लावल्या. मग लेआर्कोकडे पाठ न करता, त्याला नीट दिसेल असा उभा राहून, त्यानं ती क्लिप सोडली. हँडल डावीकडे पार वळवलं. नळी सैल लोंबत राहिली. उजवीकडे वळवलं, तरी सैलच.

लेआर्को उठून जवळ आला. डाव्या हाताचं बोट त्या नळीखाली घालून त्यानं ती उचलून पाहिली, सोडली, परत उचलली.

"माझ्या वेळी ही क्लिप होती?" त्यानं विचारलं.

"होती."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं." देल्मोनं पाना खाली ठेवला. "इव्होन आली होती. तुझ्यासाठी घाबरली होती. पण हात माझे होते, लेआर्को. मला माफ कर."

लेआर्कोचा चेहरा रागावला नाही, नुसता म्हातारा झाला.

"ती बायको आहे. ती घाबरणारच," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे मेव्हणा म्हणून आलो नव्हतो. मी मेकॅनिककडे आलो होतो."

खुर्चीच्या पाठीवरचा कोट त्यानं एका हातानं खांद्यावर टाकला आणि पूल ओलांडून घरी निघून गेला. बाई बावचळून उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता बसतंय ना हे?"

आयुष्यभर ज्या शब्दावर देल्मो जगला तो शब्द त्याच्या तोंडातून बाहेर येईना. तो गाडीपासून दोन पावलं मागे झाला.

"तुम्हीच वळवून बघा, बाई," तो म्हणाला. "दोन्हीकडे. माझ्या शब्दावर जाऊ नका."