पहिला घास

मोहफुलं वेचायच्या आधी आम्ही झाडाखालचा पालापाचोळा जाळतो. त्या पहाटे मी एकटीच होते. शेजारच्या शेतवाल्याने मागून येऊन मला धरलं, तेव्हा त्याच आगीतलं जळकं लाकूड उचलून मी त्याच्या गालावर हाणलं. डाग अजून आहे. दिसला की मला बरं वाटतं.

मला धानोऱ्याच्या ठाण्यात जायचं होतं. वडीलधारे म्हणाले, गावातलं गावात मिटवू. सभेत त्याने गुन्हा कबूल केला. आमच्या रीतीप्रमाणे त्याने अख्ख्या गावाला स्वतः रांधून वाढायचं आणि पहिला घास मी घ्यायचा, की प्रकरण संपलं. तोवर त्याच्या घरी कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

त्याने कोंबड्या कापल्या, भात शिजवला आणि खाली मान घालून माझ्या पत्रावळीवर वाढलं. सगळं गाव माझ्या हाताकडे बघत बसलं.

"घास घे ना बाई," गावपाटील म्हणाले. "लोकं भुकेले हायेत."

"मले भूक नाई," मी म्हटलं.

भात थंड झाला. लोक मलाच शिव्या घालत उठले, पण रीत कोणी मोडली नाही.

दरवर्षी धान निघालं की पुन्हा रांधून वाढतो, असा त्याचा निरोप येतो. यंदा त्याचा भाऊच आला.

"काय रांधून राह्यला?" मी विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. "बकरा कापतो म्हणते, बाई."

"कापू दे," मी म्हटलं. "मले अजून भूक नाई लागली."