खोड काढायची तर शिडीवर चढा

“फुटलाय! सगळा बैल फुटलाय! शिंगापासनं खुरापातुर पिक्सल फुटल्यात!”

शेळगावच्या चौकात, मी नुकत्याच लावलेल्या फ्लेक्सखाली उभे राहून माझे चुलते ओरडत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्यांचा आवाज असा, की ते शेळगावात ओरडले की लोणी देवकरच्या कारखान्यात पाळी सुटली समजून कामगार डबे आवरायला लागतात. खोटं वाटत असेल तर तिथल्या कुणालाही विचारा. तोही खोटंच सांगेल, पण माझ्या बाजूनं सांगेल.

मी लासुर्ण्यात फ्लेक्सचं डिझाइन करते. वाढदिवस, निवड, दुकानाचं उद्घाटन, काय म्हणाल ते. काळ्याला गोरा करायचा, गोऱ्याला गॉगल लावायचा, मागं वाघ बसवायचा आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं मांडायची. आजवर मी इतके वाघ बसवलेत, की खरे निघाले असते तर इंदापूर तालुक्यात शेरडू उरलं नसतं. आमच्या धंद्यात पाप एकच. गिऱ्हाईक दहा मोबाइल फिरून आलेला बारका फोटो देतं, तो मोठा केला की चेहऱ्यावर फरशी बसवल्यासारखे चौकोन दिसतात. त्यालाच पिक्सल फुटणं म्हणतात. हा शब्द तात्यांना मीच शिकवला होता. आता त्याच शब्दानं ते मला चौकात सोलत होते.

कारण त्या फ्लेक्सवरचे पिक्सल मी मुद्दाम फोडले होते.

आमच्या आईच्या पिढीनं मॅटीच्या कापडावर टाके घालून पोपट भरले, काचेत घालून दारावर लावले. त्या पोपटाला कुणी फुटका म्हटलं नाही. मी तेच संगणकावर करते. बारके चौकोन, मोजके रंग, एकेक चौकोन हातानं भरायचा, जुन्या व्हिडिओ गेममधल्या चित्रासारखा. पिक्सल आर्ट म्हणतात त्याला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी बैल भरते. एक चौकोन इकडचा तिकडं झाला तर डोळ्याचा कान होतो, इतकं ते नाजूक काम.

एकदा मोबाइलवरच्या असल्या चित्रकारांच्या ग्रुपवर माझा बैल टाकला. निम्म्यांनी “भारी” लिहिलं. भारी म्हणजे काय, वजनाला? एका शहरातल्या शहाण्यानं मात्र सविस्तर लिहिलं, की शिंगं अवास्तव लांब आहेत, निम्मी करा. आणि पाठीवरची पिशवी काढून टाका. पिशवी! मी त्याला कळवलं, “दादा, ते वशिंड आहे. ते काढलं तर आमच्याकडं त्याला बैल म्हणत नाहीत, आणि शिंगं निम्मी केली तर तो बैलच मला घरात घेणार नाही.” त्यानं हसणारं तोंड पाठवलं. मी पाठवलं नाही.

तर तात्यांच्या शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस होता. हो, बैलाचा. आमच्याकडं माणसाचा विसरला तर चालतो. तात्या म्हणाले होते, “सगळ्यांच्या बैलाचं फोटू असत्यात. आपलं कायतरी येगळं कर.” मी वेगळं केलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं उजळली, पण पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत माझं स्वतःचं असं हे एकच चित्र चौकात लागलं होतं.

“उद्या संध्याकाळी केक हाय,” तात्या गरजले. “पावणं येणार, शर्यतीवालं येणार. ह्यो खाली घे आन फोटूचा लाव. न्हायतर मी बारामतीला जाऊन दुसऱ्याकडनं करून आणतो!”

“नाही घेणार,” मी म्हणाले.

“काय म्हणालीस?”

“खाली नाही घेणार. काय वाईट आहे ते सांगा.”

“सगळंच वाईट हाय!”

एवढ्यात चौक भरला. आमच्याकडं भांडणाला माणूस बोलवावा लागत नाही. हॉटेलवाले आबा हातात झारा तसाच घेऊन आले. “पोरी, तोंड जरा हसरं पायजे हुतं.” कुणी म्हणालं, “मागं वाघ टाक.” कुणी म्हणालं, “गॉगल तरी घाल त्याला.” किराणा दुकानातले चाचा म्हणाले, “रंग कमी पडलं जणू. माझ्याकडं हिरव्याचा डबा पडलाय, घिऊन जा.” कुणाला शिंगं लांब, कुणाला आखूड. त्या गर्दीत मी प्रत्येकाचं ऐकलं असतं, तर संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवर गॉगल घातलेला हिरवा वाघ झाला असता.

मग मला बैलबाजाराची रीत आठवली. बाजारात कुणी “बैल वाईट” असं म्हणत नाही. म्हणालाच तर मालक त्याला कासऱ्यानं गुंडाळून परत पाठवतो. खोड दिसली तर पुढं व्हायचं आणि जिथं खोड आहे तिथं बोट ठेवायचं. खांद्यावर, खुरावर, दातावर. बोट ठेवता येत नसेल तर पान खायचं आणि पुढच्या बैलाकडं चालायला लागायचं.

फ्लेक्स बांधायला आणलेली शिडी तिथंच होती. मी ती बैलाच्या पोटाला टेकवली.

“ज्याला खोड दिसतीय त्यानं वर जायचं आणि बोट ठेवायचं,” मी म्हणाले. “खालनं बोलायचं नाही. बोट ठेवलं तर मी दुरुस्त करीन. नाही ठेवलं तर बैल असाच राहील, आणि जो बोलला त्यानं उद्या केक कापेपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

निम्मे तिथंच गारठले. आबा मात्र झारा चाचांच्या हातात देऊन चढले. वर गेले, नाक फ्लेक्सला टेकलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“आरं, हितं तोंडच न्हाय! नुसत्या फरश्या हायत!”

“आबा, तुमी वशिंडावर हाय!” खालून कुणीतरी ओरडलं.

“ह्ये वशिंड? मग तोंड कुठं गेलं?”

ते तोंड शोधता शोधता शेपटापर्यंत जाऊन आले, आणि उतरल्यावर घाम पुसत म्हणाले, “खालनं हसरंच दिसतंय म्हणा.” त्यांच्यामागं दोघं-तिघं चढले. वर गेलं की बैल गायब, खाली आलं की बैल हजर. एक जण तर शपथेवर सांगत होता, की तो वर असताना बैल जागचा हलला.

शेवटी तात्यांनी धोतर खोचलं.

“तात्या, राहू द्या,” मी म्हणाले.

“का? भ्याली व्हय?”

ते चढले. त्यांचंही तेच झालं. फ्लेक्सला नाक लावून ते ह्या चौकोनावरून त्या चौकोनावर हात फिरवत राहिले, आणि खाली अख्खा चौक त्यांना रस्ता दाखवायला लागला.

“तात्या, खाली या! आजून खाली!”

“तात्या, शेपूट हाय ते, सोडा!”

“गप बसा रं!” तात्या ओरडले. “मला पाय पायजे. मागचा डावा पाय. कुठं हाय त्यो?”

आबा धावत समोरच्या टपरीपाशी गेले आणि तिथून हात हलवत त्यांनी तात्यांना पायावर आणलं. तात्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं आणि हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, बोलले. टपरीपर्यंतच ऐकू गेलं.

“ह्यो हितं सपलाय. भुईला टेकत न्हाय. तू माझा बैल लंगडा केलास, पोरी. उद्या पावणं बघणार आन सगळ्या तालुक्यात उठवणार, की ह्याच्या बैलाच्या मागच्या पायात उणं हाय. मग त्यो शर्यतीत कितीबी पळू दे.”

मी रस्ता ओलांडून आबांशेजारी उभी राहिले. डोळे बारीक केले. खुराखाली एक चौकोन मी आभाळाच्या रंगाचा भरला होता. पाय खरोखर अधांतरी लोंबत होता. रोज इतक्या जवळून बघत होते, की मला तो कधी दिसलाच नाही.

“मान्य,” मी ओरडले. “पाय दुरुस्त करते. पण शिंगं एवढीच राहतील, वशिंड राहील, आणि पिक्सल असेच फुटके राहतील. बैल हाच लागणार.”

“बघू,” तात्या शिडीवरून म्हणाले, आणि मग उतरायचं कसं ते विचारलं.

छपाई आमची बारामतीला होते. पाय टेकवलेली फाईल मी रात्रीच धाडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लेक्स आणायला गेले. उलगडून बघितला तर धुक्यात उभी असलेली म्हैस. छपाईवाला खूश होता. “ताई, मागच्या खेपेला तुमचे पिक्सल फुटले होते. ह्या खेपेला मी गुळगुळीत करून दिले. घरचंच काम समजून केलं.”

तात्यांचं रक्त माझ्यातही आहे. मी असा श्वास घेतला, की आणखी थोडा घेतला असता तर बारामतीतल्या सगळ्या गाड्या बाजूला थांबल्या असत्या. पण काल मीच घातलेली अट मला आडवी आली. मी बोट ठेवलं.

“हे बघा. शिंगाच्या कडेला राखाडी साय आलीय. शिंगाला धार होती, ती गेली. आणि इथं खूर आणि भुई एक झाली. ह्या खुरासाठी काल एक म्हातारा माणूस शिडीवर चढला होता.”

त्यानं वाकून बघितलं. “म्हणजे फुटलेलाच पाहिजे?”

“फुटलेलाच.”

“ताई, खाली कोपऱ्यात आमचं नाव असतं. लोक मला हसतील.”

“मग नाव काढा. बैल नाही बदलणार.”

त्यानं खरंच नाव काढलं आणि फुटका बैल छापून दिला. जाताना म्हणाला, “कुणी विचारलं तर मी छापला नाही.”

दिवेलागणीला बैल पुन्हा चौकात चढला. चारही पाय भुईवर. मांडव, हलगी, आणि केक एवढा की कापायला उसाचा कोयता लागला. उत्सवमूर्तीनं पहिला घास घेतला आणि त्यातच मेणबत्ती गेली. तो आजही शिंकला की उजेड पडतो म्हणतात. मी तात्यांना गाठलं.

“तात्या, कसा झालाय?”

तात्यांनी माझ्या हातात केकचा तुकडा ठेवला आणि ते पाहुण्यांकडं वळले. एवढंच. आवडला नसता तरी मी तो उतरवणार नव्हते.

तेवढ्यात शर्यतीवाल्यांतला एक पाहुणा, सोन्याचं कडं घातलेला, मान वर करून मोठ्यानं हसला. “तात्या, आवं, पिक्सल फुटल्यात की तुमच्या बैलाचं!”

हलगी थांबली. सगळा चौक तात्यांकडं बघायला लागला. मी केक धरून उभी.

तात्यांनी बोटाला लागलेलं क्रीम उपरण्याला पुसलं.

“शिडी तितं हाय,” ते म्हणाले.